दातात धरलेला पेचकस

"काकी, ह्या खेपेला चहा नको. आधी गाडीचं काय ते बघू द्या," असं म्हणत जयवंत खोत गाडीतून उतरला, तेव्हाच मी ओळखलं, आज काही धड नाही. चहाला नाही म्हणणारं गिऱ्हाईक भांडायला आलेलं असतं. हे कळायला शाळा लागत नाही. मी दुसरीत सोडली, मला सांगा काय अडलं.

गॅरेज आमच्या दारातच. आंबा घाट उतरून साखरप्याकडं येताना रस्त्याला लागून पत्र्याची शेड दिसते, तीच. शेडच्या मागच्या अंगाला घर, आणि माझ्या स्वयंपाकघराचं दार थेट शेडमध्ये उघडतं. म्हणजे इकडं भाकरी थापता थापता तिकडं कोण काय बोलतंय ते मला सगळं कळायचं, आणि मी काय बोलते ते तिकडं. गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्रींचा हात चांगला आणि काकींचं तोंड.

"तिसरी वेळ, मिस्त्री," खोत ह्यांच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला. "घाटात शेवटच्या वळणाला गाडीनं मान टाकली. ॲक्सिलेटर खाली टेकला तरी पुढं जाईना. मागून काळा धूर असा, की मागचा ट्रकवाला खाली उतरून मला शिव्या देऊन गेला. शेवटी सगळ्यांना उतरवलं. माझी सासू! पासष्ट वर्षांची बाई घाट चालत चढली हो."

"बरं केलंस. तेवढीच जिरली तिची," मी दारातून म्हटलं. एरवी खोत हसला असता. आज हसला नाही.

हे गाडीकडं बघत उभे होते. हे म्हणजे माझे मालक. गाडी उभ्या जागी थरथरत होती, ताप भरलेल्या पोरासारखी, आणि आत काट्यांच्या पाटीवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला.

"मिस्त्री, तुमच्यावर भरवसा आहे म्हणून दोनदा आलो," खोत त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. "आज नाही झालं तर मी सरळ कोल्हापूरला नेतो. मग मला नावं ठेवू नका."

ह्यांनी मान वर केली. "जयवंत, ही गाडी आज माझ्या हातून सरळ झाली नाही, तर तू कोल्हापूरला ने. आणि मी पाना खाली ठेवला. गॅरेज बंद. समोर काकी उभी आहे, तिच्या साक्षीनं सांगतो."

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. हा माणूस उगीच शब्द टाकणारा नव्हता. बापाच्या लोहारकीच्या भात्यावर बसायला लागल्यापासून ह्याच्या हाताला काम नाही असा दिवस गेला नव्हता. पोराच्या लग्नात मांडवातून उठून वऱ्हाडाच्या गाडीचं चाक बदलायला गेलेला माणूस तो. घरी बसवला तर पुढचा शिमगा बघायचा नाही, हे मला माहीत होतं.

"बोलायला काय जातंय," मी म्हटलं. "गॅरेज बंद करून काय माझ्या शेंगा सोलणार?"

हे काही बोलले नाहीत. हल्ली बोलायचे नाहीतच. आधी असं नव्हतं. लग्नानंतर पुष्कळ वर्षं आमच्या घरात एका शब्दाला दोन शब्द यायचे, माझ्याकडून आणि त्यांच्याकडूनही. पण मागची एक-दोन वर्षं हे अगदी मवाळ झाले होते. मी काही बोलले की नुसतं माझ्याकडं बघायचे आणि हसायचे. मी बायकांत मिरवायचे. म्हणायचे, "बाई, नवरा वठणीवर यायला वेळ लागतो, पण येतो. आमचा बघा, आता तोंडातून शब्द काढत नाही."

खोताच्या गाडीचं दुखणं तसं जुनंच. पहिल्यांदा आणली तेव्हाच ह्यांनी नाडी धरली होती. मला ते समजावून सांगितलं होतं, ते मी माझ्या भाषेत सांगते. इंजिनाचा सगळाच धूर मागून बाहेर जात नाही. थोडा वळवून परत इंजिनाच्या तोंडात सोडतात, म्हणजे आतली आग फार भडकत नाही. त्या वाटेवर एक दार असतं, त्याला व्हॉल्व्ह म्हणतात. गरजेपुरतं उघडायचं आणि परत मिटायचं. पण घाटात चालणाऱ्या गाड्यांत तिथं काजळी धरते, दार मिटतच नाही, आणि गाडीला श्वास घ्यायला हवेच्या जागी आपलाच धूर. मग ती खोकणार नाही तर काय? ओली लाकडं घालून चूल फुंकलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

आमच्याकडच्या मिस्त्र्यांचा ह्यावर एकच तोडगा, पत्रा मारायचा. तेलाच्या डब्याचा तुकडा कापून त्या वाटेत आडवा घालायचा आणि बोल्ट आवळायचे. वाटच बुजली, तर दार उघडं असो नाहीतर मिटलेलं. ह्यांनी पहिल्या खेपेला तेच केलं. गाडी सुधारली. मग परत बिघडली. दुसऱ्या खेपेला ह्यांनी दोन्ही फिल्टर बदलले, डिझेल फवारणारे नोझल साफ केले, टर्बोचे पाईप बघितले. गाडी गेली आणि आज परत दारात.

माझी सून वृषाली आतून ते मशीन घेऊन आली. माझा मुलगा टँकरवर असतो, गोव्याच्या लाईनला. त्यानंच ते घेऊन दिलं होतं. गाडीच्या पोटात वायर खुपसली की पाटीवर दुखणं लिहून येतं. वृषालीला इंग्रजी वाचता यायचं, म्हणून ते तिच्या ताब्यात. घरात माझ्याशी वाद घालायची टाप असलेली ती एकटीच. ते मला आवडायचं, पण तिला कधी सांगितलं नाही.

"आबा, धुराच्या व्हॉल्व्हचंच दाखवतंय," ती म्हणाली.

हे वाकून खाली बघत होते. ती वळसा घालून त्यांच्या समोर गेली आणि परत म्हणाली, "आबा, व्हॉल्व्हचं दाखवतंय."

"तिथं माझा पत्रा आहे. पत्रा मारला की मशीन ओरडतंच. त्याकडं लक्ष देऊ नको."

"पण पत्रा असला तर मशीननं 'धूर कमी येतोय' असं ओरडायला पाहिजे. हे 'जास्त येतोय' म्हणतंय."

"पत्र्यातून मुंगी जाणार नाही, धूर कुठला जास्त? खोटं आहे ते," असं म्हणून हे परत नोझलकडं वळले. वृषालीनं ओठ चावला.

मी तेवढ्यात चहा करून आणला. खोताला नको असला तरी माझ्या दारातून कुणी कोरडं जात नाही. गाडी चालूच होती. कप ठेवायला वाकले तर त्या घरघरीत मला एक बारीक आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कसं फुसफुसतं, तसा.

"अहो, ते फुसफुसतंय काय?" मी म्हटलं.

हे ढिम्म.

"अहो, तुम्हाला विचारते मी! मागच्या अंगाला फुसफुसतंय."

हे पान्यानं काहीतरी सैल करत होते, मान पण हलली नाही. माझं डोकं फिरलं. घरात गप्प बसतात ते ठीक, पण परक्या माणसासमोर बायकोला भिंतीसारखं वागवायचं?

"मलाही येतोय की आवाज, काकी," खोत म्हणाला. "केव्हापासून येतोय. मला वाटलं तसाच असतो."

वृषालीनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं गाडी बंद केली, ह्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "आबा, चहा."

चहा पिऊन झाल्यावर हे म्हणाले, "परत चालू कर. आणि सगळे जरा लांब व्हा."

खोत रस्त्याकडं गेला. वृषाली आत आली. मी आपली स्वयंपाकघराच्या दारात, अर्ध्या पडद्याआड. ह्यांची पाठ रस्त्याकडं होती, म्हणजे तोंड माझ्याकडं. मी दिसत नव्हते.

ह्यांचा एक लांब पेचकस होता, लाकडी मुठीचा. मूठ कानाला लावायची आणि टोक इंजिनावर टेकवायचं, मग आतली टिकटिक कानात येते. जुने मिस्त्री असंच इंजिन तपासतात, डॉक्टर छाती तपासतो तसं. ह्या माणसाचा कान असा, की संध्याकाळी ओट्यावर बसून घाटातून उतरणारी गाडी कुणाची ते वळणाआधी सांगायचा. "लिंगायताचा टेम्पो, एक नोझल मारतंय बघ." पुष्कळ दिवसांत सांगितलं नव्हतं खरं. मला वाटलं, वयानं हौस गेली असेल.

ह्यांनी पेचकस उचलला. आजूबाजूला बघितलं. आणि मूठ कानाला न लावता तोंडात धरली.

दाढेखाली, करकचून. टोक इंजिनावर टेकवलं आणि डोळे मिटले. मग जरा सरकवलं, परत डोळे मिटले. असे इंच इंच सरकत मागच्या अंगाला आले आणि एका पाइपावर थांबले. चेहरा बदलला. अंधारात चाचपडताना भिंतीवरचं बटण हाताला लागावं ना, तसा. पेचकस काढला, बोट थुंकीनं ओलं केलं आणि त्या पाइपाला निसटतं लावलं. चर्र झालं.

"वृषाली!" हे ओरडले. "बंद कर, बंद कर! पत्र्याच्या पलीकडचा पाईप तापलाय. हा गार पाहिजे. धूर येतोय ह्यातून!"

गाडी जरा निवल्यावर बोल्ट सोडले. पत्रा बाहेर आला तो मधोमध जळून भोक पडलेला, निखाऱ्यावर विसरलेल्या पापडासारखा. एक कडाही उडालेली. धूर भोकातून आत जायचा आणि कडेनं थोडा बाहेर फुसफुसायचा.

ह्यांनी पत्रा हातावर घेतला आणि खोताला दाखवला. "माझाच आहे. डब्याचा पत्रा पातळ निघाला. मला वाटलं, वाट बुजवली म्हणजे संपलं. आणि मी दुसरीकडं शोधत बसलो."

"पण मिस्त्री, आवाज तर आम्हालासुद्धा येत होता, मग तुम्हाला कसा..."

"खोतकाका," वृषाली मधेच म्हणाली, "ती बॅटरी धरा जरा इकडं. दिसत नाही मला."

चांगलं लख्ख ऊन होतं.

मग व्हॉल्व्ह काढला. आतली काजळी बघून मला तव्याचं बूड आठवलं. ह्यांनी तो रॉकेलमध्ये भिजवला, वृषालीनं जुन्या दातांच्या ब्रशनं घासला. मी उलथनं आणून दिलं तर हे "ते नको, ओरखडे पडतील" म्हणाले. म्हणजे मी समोर उभी राहून दिलं तेव्हा बोलले. तासाभरानं दार आपोआप मिटायला लागलं. बोटानं ढकलायचं, सोडायचं, टक्कन मिटायचं. ह्या खेपेला पत्रा मारला नाही. नवं पॅकिंग घालून जसं कंपनीनं दिलं तसं बसवलं. वृषालीनं मशीन लावून दिवा विझवला.

हे हौदापाशी हात धुवायला गेले. माझ्याकडं पाठ. गाडी बंद, रस्ताही मोकळा. मागच्या फणसावर कावळा बोलत होता, बाकी सगळं गप्प.

मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. हातभर अंतरावर.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. लग्नात नणंदेनं दार अडवलं होतं, तेव्हा उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर दवाखान्यात, बँकेत, मतदानाला, सगळीकडं मी पोराला पुढं करायचे. "तू सांग बापाचं नाव."

मी मनात देवाची माफी मागितली आणि त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, एकेरी, जसं त्यांची आई घ्यायची. चांगलं खणखणीत.

हे हात धूत राहिले. बोटांच्या बेचक्यातली काजळी साबणानं काढत होते, सावकाश, नीट.

मी वळले तर दारात वृषाली उभी. तिनं नाव ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी काही विचारायच्या आत तिनं मान हलवली. हो, आई. तिला ठाऊक होतं. म्हणून ती दरवेळी वळसा घालून समोर जायची.

"गाडी घाटात नेऊन बघू," हे हात पुसत बाहेर आले. "चल जयवंत."

"मी येणार," मी म्हटलं. त्यांच्या समोर जाऊन म्हटलं.

"तू कशाला?"

"ह्याची सासू चालत चढली, मी बसून चढते. गाडी तपासायची तर भरलेली पाहिजे ना, वजन कशाचं टाकणार? चौघांचं वजन मी एकटी भरीन."

आता खोत हसला.

मी मागं बसले, हे पुढं. गाडीनं पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. खोत तोंडानं "बघा, बघा" करत होता. हे एक हात समोरच्या फळीवर पसरून बसले होते, तळवा टेकवून. मी आता बघत होते आणि मला सगळं कळत होतं. हा माणूस हातानं इंजिन ऐकत होता. जिथं गाडीनं मान टाकली होती ते वळण आलं. खोतानं पाय दाबला. गाडी वासरासारखी उधळली आणि वर गेली. मागच्या काचेतून मी धूर शोधला, नुसती झाडं दिसली.

वर टपरीपाशी गाडी थांबली. "मिस्त्री, आता चहा माझ्याकडनं," म्हणत खोत उतरून गेला. आम्ही दोघं गाडीतच. हे मागं वळून बघेनात. मग मीच उतरले, पुढचं दार उघडून त्यांच्याशेजारी उभी राहिले, त्यांना माझं तोंड दिसेल असं.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते काय ते समजले.

"आधी डावा गेला. मग उजवा. इंजिनाचे बारीक आवाज आधी गेले. मग तुझा."

"आणि मी रोज बडबडत होते ते?"

"तोंड हलताना दिसायचं."

"मग कळायचं कसं काय बोलते ते?"

"त्यात काय कळायचंय? इतकी वर्षं तेच तर बोलतेस."

मला हसू यावं की रडू, समजेना. "सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू घरी बसवलं असतंस. आणि बहिऱ्या मिस्त्रीकडं गाडी कोण आणेल?" मग हळूच म्हणाले, "आज चढली गाडी. पण जयवंतला जे ऐकू येत होतं ते मला आलं नाही. खरं तर बंदच करायला पाहिजे."

"दातानं ऐकलंत ना?"

ते दचकले. मी बघितलं हे त्यांना माहीत नव्हतं.

"दातानं येतं," ते म्हणाले. "कानाच्या पोकळीतून येत नाही, हाडातून येतं. कसं ते देव जाणे. मूठ दाढेखाली धरली की पहिल्यासारखं सगळं स्वच्छ."

"किती उरलेत?"

"काय?"

"दात."

"असतील आठ-दहा."

"मग ते पडेपर्यंत चालवा गॅरेज," मी म्हटलं. "पडले की बघू. तोवर फुसफुसलेलं मी सांगीन, वृषाली सांगेल. तुम्हाला काय, नुसतं बोट लावायचंय."

ते हसले, तेच हल्लीचं हसणं. मला आता त्या हसण्याचा भरवसा वाटेना. खरंच पोचलं होतं, की नुसतं तोंड हलताना दिसलं?

मी आजूबाजूला बघितलं. खोत पाठमोरा उभा होता. मी वाकले, माझं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवलं, हाडाला हाड लागेल असं दाबून, आणि त्यांचं नाव घेतलं. हौदापाशी घेतलं होतं तेच. ह्या वेळी अगदी हळू.

ते हलले नाहीत.

"परत म्हण," ते म्हणाले.

"एकदा झालं ते झालं. आयुष्य कमी होतं नवऱ्याचं."

"होऊ दे. म्हण."

खोत चहा घेऊन वळला तशी मी झटक्यानं ताठ झाले आणि पदर सारखा केला. "चहात साखर कमी आहे," मी न पिताच म्हटलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गॅरेज अजून आहे, वृषाली चालवते. तिचे कान ठणठणीत आहेत, तरी अवघड गाडी आली की ती सगळ्यांना लांब करते आणि तो लाकडी मुठीचा पेचकस दातात धरते. मुठीवर ह्यांच्या दाढेच्या खुणा आहेत. तिनं मूठ बदलू दिली नाही.

आणि नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात, ते साफ खोटं आहे. हे त्यानंतर खूप जगले, सगळे दात पडेपर्यंत जगले. मी रोज सकाळी चहा द्यायच्या आधी कपाळाला कपाळ लावून त्यांचं नाव घेत होते.